बॅ. अंतुले : दोन गडांची नावे आणि एक सार्वजनिक आयुष्य

१ मे १९८१ रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्याला एकवीस वर्षे पुरी झाली त्या दिवशी, जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचे दोन भाग झाले. उत्तरेस मंडणगडापासून दक्षिणेस गोव्याच्या सीमेपर्यंत पसरलेला तो लांबट, चिंचोळा जिल्हा होता. वेंगुर्ल्याच्या माणसाला जिल्हा कचेरीतले एखादे काम करून घ्यायचे तर घाट आणि खाड्या ओलांडत रत्नागिरी गाठावी लागे. देवगड, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ले आणि सावंतवाडी हे तालुके वेगळे निघाले आणि नव्या जिल्ह्याला नाव मिळाले सिंधुदुर्ग. त्याच्या चारच महिने आधी, १ जानेवारी १९८१ रोजी, उत्तरेकडच्या कुलाबा जिल्ह्याचे नाव बदलून रायगड झाले होते. एक शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकाचा गड, दुसरा त्यांच्या आरमाराचा जलदुर्ग. कोकणच्या नकाशावर ही दोन नावे ज्या मुख्यमंत्र्यांच्या कारकिर्दीत आली, ते आंबेतचे एक कोकणी मुसलमान गृहस्थ होते : बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले.

अंतुले यांचे नाव निघाले की आज बहुतेकांना प्रथम सिमेंट आठवते. दुसऱ्या क्रमांकावर येते ती 'महाराष्ट्राचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री' ही स्पर्धा-परीक्षेतली नोंद. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या झाकण्याचा आमचा हेतू नाही. पण पन्नास वर्षांचे एक सार्वजनिक आयुष्य या दोन शेऱ्यांत संपते काय, हा प्रश्न इतिहासाच्या आणि साहित्याच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : अंतुले यांनी स्वतःला प्रथमपासून मराठी राज्याचा पुढारी म्हणून उभे केले. आपल्या जमातीचा प्रतिनिधी ही ओळख त्यांनी मागे ठेवली. आयुष्याच्या उत्तरार्धात मात्र तीच ओळख त्यांच्याकडे चालत आली आणि अखेरीस तेवढीच उरली. हा प्रवास एका माणसाचा आहे, तसाच तो आपल्या सार्वजनिक जीवनाचाही आहे.

प्रथम भूमी पाहू. आंबेत हे गाव रायगड जिल्ह्याच्या म्हसळा तालुक्यात सावित्रीच्या खाडीवर वसले आहे. पलीकडच्या तीरावर म्हाप्रळ. तेथून रत्नागिरी जिल्ह्याचा मंडणगड तालुका सुरू होतो. जिल्ह्यांची ही सीमा कागदावरची. भाषा, भातशेती, आंबा-काजू, मुंबईची चाकरी आणि परदेशची वाट या बाबतींत दोन्ही तीर एकच. या पट्ट्यातला कोकणी मुसलमान हा धर्माने शाफई पंथाचा सुन्नी. धंद्याने शेतकरी, खलाशी, तांडेल, व्यापारी. आणि घरात बोलतो ती कोकणीच्या वळणाची मराठी. परकार, मुकादम, चौगुले, खोत, देशमुख ही त्याची आडनावे शेजारच्या हिंदू वाडीतही सापडतात. उर्दू त्याच्याकडे शाळेतून आणि मदरशातून आली. आईच्या तोंडची बोली आली ती मातीतून. उत्तर हिंदुस्थानातील मुस्लिम राजकारणाचे साचे या समाजाला नेमके बसत नाहीत, याचे मूळ येथे आहे.

अंतुले यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९२९ चा. मुंबईत शिक्षण घेऊन ते लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले आणि काँग्रेसच्या राजकारणात उतरले. १९६२ साली श्रीवर्धन मतदारसंघातून ते विधानसभेवर निवडून आले. या मतदारसंघाचा इतिहास ध्यानात घेण्याजोगा आहे. श्रीवर्धन आणि म्हसळा हा मुलूख स्वातंत्र्यापर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाच्या संस्थानात होता. १९४८ साली ते संस्थान विलीन झाले. श्रीवर्धन हेच पहिल्या पेशव्याचे, बाळाजी विश्वनाथाचे गाव. शिवाजीमहाराजांना आणि संभाजीमहाराजांना जो जंजिरा अखेरपर्यंत हाती आला नाही, त्याच्याच मुलखाने निवडून दिलेल्या मुसलमान आमदाराने पुढे जिल्ह्याला रायगडाचे नाव द्यावे, हा योग इतिहासाच्या पोटातलाच म्हणायचा. शिवाय कुलाबा जिल्हा म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचा बालेकिल्ला. तेथे काँग्रेसच्या उमेदवाराला लढावे लागे ते जमिनीच्या, कुळांच्या आणि रस्त्यांच्या प्रश्नांवर. केवळ जमातीच्या बळावर तेथे कोणाचाच निभाव लागला नसता.

अंतुले यांच्या पूर्वायुष्यातील एका कामाकडे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तरी अवश्य पाहावे. महाराष्ट्र आणि तेव्हाचे म्हैसूर राज्य यांच्यातील सीमातंट्यासाठी १९६६ साली न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. १९६७ साली त्याचा अहवाल आला आणि बेळगाव म्हैसूरकडेच राहावे अशी त्यात शिफारस निघाली. महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. सभा झाल्या, मोर्चे निघाले. अंतुले यांनी मात्र बॅरिस्टराचे काम केले. अहवाल समोर ठेवून त्याची उलटतपासणी घेणारे 'महाजन रिपोर्ट अनकव्हर्ड' हे इंग्रजी पुस्तक त्यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता, खेडे हा घटक, लोकांची इच्छा ही सीमाप्रश्नातली मोजमापे. आयोगाने ती सगळीकडे सारख्या हाताने लावली नाहीत, एका ठिकाणी जो न्याय दिला तो दुसऱ्या ठिकाणी नाकारला, हा महाराष्ट्राच्या बाजूचा मुख्य आक्षेप होता. तो आक्षेप मुद्देसूदपणे मांडणाऱ्यांत अंतुले यांचे नाव पुढे आहे.

या पुस्तकाचे महत्त्व आम्हांला दुहेरी वाटते. भाषेच्या पायावर राज्ये रचण्याच्या चळवळीत मराठी मुसलमान कोठे होता, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे एक उत्तर अमर शेखांच्या डफावर मिळते, दुसरे या रुक्ष, युक्तिवादाने भरलेल्या पुस्तकात. आणि दुसरे असे की 'मराठी माणूस' या शब्दाची व्याप्ती किती, याचा निवाडा येथे कोणत्याही घोषणेविना झाला आहे. बेळगावच्या मराठी माणसाची कैफियत आंबेतचा मुसलमान मांडतो आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. 'काही विशेष वाटत नाही' ही अवस्था सार्वजनिक जीवनात फार मोलाची असते. ती होती तोवर कोणाच्या ध्यानात आली नाही.

साठीच्या दशकाच्या अखेरीपासून अंतुले राज्याच्या मंत्रिमंडळात होते. विधी व न्याय, बंदरे, इमारती व दळणवळण अशी खाती त्यांनी सांभाळली. १९७६ साली ते राज्यसभेवर गेले आणि काँग्रेसचे सरचिटणीस झाले. या टप्प्यावर त्यांच्या राजकारणाची दुसरी बाजू दिसते. आणीबाणीच्या काळात राज्यघटना बदलून अध्यक्षीय वळणाची राजवट आणावी अशा आशयाचे एक टिपण दिल्लीत फिरत होते. त्याच्याशी अंतुले यांचे नाव जोडले गेले. १९७८ च्या प्रारंभी काँग्रेस फुटली, तेव्हा यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील यांच्यासारखे महाराष्ट्रातील बहुतेक मोठे नेते इंदिरा गांधींच्या विरुद्ध बाजूस राहिले. अंतुले इंदिराबाईंबरोबर राहिले. सत्ता नसलेल्या, चौकश्यांनी घेरलेल्या नेत्याबरोबर राहण्यात धाडस होते यात शंका नाही. पण या निष्ठेनेच त्यांच्या पुढल्या सत्तेचे स्वरूपही ठरवून टाकले. साखर कारखाने, जिल्हा बँका, जिल्हा परिषदा यांच्या जाळ्यातून वर आलेला मराठा पुढारी आणि दिल्लीच्या विश्वासावर आलेला कोकणचा बॅरिस्टर यांच्या मुळांत मोठा फरक होता. पहिल्याला पाडायला जिल्हे फिरवावे लागतात. दुसऱ्याला पाडायला दिल्लीची मर्जी फिरली की पुरते.

१९८० च्या विधानसभा निवडणुकीत इंदिरा काँग्रेसला २८८ पैकी १८६ जागा मिळाल्या आणि ९ जून रोजी अंतुले मुख्यमंत्री झाले. पुढचे दीड वर्ष मंत्रालयाने क्वचितच पाहिलेल्या वेगाचे होते. विधवा, वृद्ध, अपंग आणि निराधार यांना दरमहा अर्थसाहाय्य देणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. मुख्यमंत्री झाल्यावर दोनच आठवड्यांनी संजय गांधींचे अपघाती निधन झाले होते. योजनेच्या नावात दिल्लीची निष्ठा आहे, आशयात मात्र खेड्यातील एकट्या म्हातारीची चूल आहे. सरकारे आली-गेली, योजना अजून चालू आहे. सिंधुदुर्गाबरोबर त्याच १ मे १९८१ ला मराठवाड्यात जालना जिल्हा झाला. २७ ऑगस्ट १९८१ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले आणि मराठवाड्यातील पक्षकाराची मुंबईची वारी थांबली. या सर्व निर्णयांत एक सूत्र आहे. लांबच्या माणसासाठी राज्य जवळ आणणे, हे ते सूत्र. खाडीपलीकडच्या गावात वाढलेल्या माणसाला कचेरीचे अंतर म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

या कारकिर्दीतील सर्वांत बोलका भाग शिवस्मरणाचा. महाराजांच्या निधनाला १९८० साली तीनशे वर्षे होत होती. इंग्लंडात असलेली भवानी तलवार महाराष्ट्रात परत आणू, अशी घोषणा अंतुले यांनी केली. तिचे पुष्कळ कौतुक झाले आणि पुष्कळ टिंगलही. १८७५-७६ मध्ये कोल्हापूरच्या छत्रपतींकडून तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सला भेट गेलेली आणि आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात असलेली तलवार ही भवानी की जगदंबा, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. तलवार आली नाही. नावे मात्र आली आणि टिकली : रायगड, सिंधुदुर्ग.

यामागे निव्वळ राजकीय हिशेब होता काय? हिशेब होताच. मराठा नेत्यांच्या राज्यात दिल्लीहून नेमलेल्या मुख्यमंत्र्याला लोकांपर्यंत थेट पोचायचे तर महाराजांहून मोठे नाव कोणते? पण राजकारणात हिशेब असतो म्हणून भाव खोटा ठरत नाही. येथे आणखी एक प्रश्न उभा राहतो, आणि तो अधिक अवघड आहे. हिंदू मुख्यमंत्र्याने जिल्ह्याला रायगड म्हटले असते तर त्याचा अर्थ कोणी शोधत बसले नसते. अंतुले यांनी म्हटले तेव्हा कोणी त्यात उदारपणा पाहिला, कोणी डावपेच. म्हणजे जी गोष्ट इतरांच्या बाबतीत वारसा मानली जाते, ती यांच्या बाबतीत प्रवेशाची फी मानली गेली. कोकणच्या इतिहासाला हा भेद मान्य होण्यासारखा नाही. शिवाजीमहाराजांच्या आरमारात दौलतखान होता. १६७९ साली खांदेरीच्या बेटावरून इंग्रज आणि सिद्दी यांच्याशी झुंज चालली तेव्हा मराठी गलबतांचे नेतृत्व त्याच्याकडे होते. त्याच दर्यावर सिद्दीचे आरमार समोर उभे होते. कोकणी मुसलमानाच्या वाट्याला आलेला इतिहास असा दोन्ही बाजूंचा आहे, आणि त्यातून सिंधुदुर्ग आपला म्हणण्याचा हक्क त्याला कोणाकडून मागून घ्यावा लागत नाही. अंतुले यांनी तो मागितला नाही, बजावला. आमच्या मते त्यांच्या राजकारणाचे हे सर्वांत मोठे लक्षण आहे.

आणि मग सिमेंट. ते टाळून चालणार नाही. तो काळ परवान्यांचा होता. सिमेंटचे वाटप सरकारच्या हाती, टंचाई मोठी, आणि मुंबईत इमारती उठवणाऱ्यांची भूक त्याहून मोठी. मुख्यमंत्र्यांनी काही न्यास स्थापन केले होते. त्यांतला सर्वांत गाजलेला इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. साहित्य आणि कला यांना उत्तेजन देणे हा त्याचा उद्देश सांगितला होता, ही गोष्ट आपण साहित्यवाल्यांनी विसरू नये. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अरुण शौरी यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि न्यासांना मिळालेल्या देणग्या व सरकारी मेहेरबानी यांचा संबंध चव्हाट्यावर आला. औरंगाबादेत न्यायालयाचे दार उघडून चारच दिवस झाले होते. प. बा. सामंत आणि इतरांच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी निकाल दिला : सिमेंटचे वाटप आणि देणग्या यांचा परस्परसंबंध होता. अंतुले यांनी राजीनामा दिला. प्रतिभेच्या नावाने उभारलेला निधी गोण्यांच्या हिशेबात गाडला गेला.

या प्रकरणात एक गोष्ट मात्र नोंदवावी अशी आहे. पत्रकाराने लिहिले, विरोधी आमदाराने अर्ज केला, न्यायमूर्तींनी निकाल दिला आणि मुख्यमंत्री गेला. आरोप होता तो अधिकाराच्या गैरवापराचा. अन्य कोणत्याही मुख्यमंत्र्याला जे माप लागले असते, तेच अंतुले यांना लागले. पदावरून जाण्याची ही रीत दुःखद असेल. पण ती नागरिकाला लावण्याची रीत होती. पुढे काय झाले याच्याशी हे ताडून पाहावे लागेल.

राजीनाम्यानंतर सुरू झालेल्या खटल्याने कायद्याच्या पुस्तकांत अंतुले यांचे नाव कायमचे कोरले. भाजपचे नेते रामदास नायक यांनी फिर्याद केली होती. आमदार हा दंडसंहितेच्या अर्थाने लोकसेवक नव्हे, सबब खटल्यासाठी त्या नात्याने पूर्वपरवानगी लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९८४ मध्ये ठरवले आणि खटला विशेष न्यायाधीशांकडून उच्च न्यायालयाकडे सोपवला. चार वर्षांनी, २९ एप्रिल १९८८ रोजी, सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने तो सोपवण्याचा हुकूमच रद्द केला. कायद्याने जे न्यायालय ठरवून दिले आहे तेथून खटला हलवण्याचा अधिकार न्यायालयालाही नाही, आणि न्यायालयाच्या चुकीचे प्रायश्चित्त पक्षकाराने घ्यायचे नाही, हे तत्त्व त्यातून घट्ट झाले. पुढे डिसेंबर १९९१ मध्ये त्यांच्याच अर्जाच्या निमित्ताने जलद न्याय हा आरोपीचा मूलभूत हक्क आहे, याची मार्गदर्शक सूत्रे पाच न्यायाधीशांनी घालून दिली. आज देशातला कोणताही कच्चा कैदी खटल्याच्या विलंबाविरुद्ध दाद मागतो, तेव्हा त्याच्या वकिलाच्या तोंडी बहुधा अंतुले यांचे नाव येते. वेगाने राज्य करणाऱ्या माणसाचे नाव विलंबाच्या दाव्यात उरावे, हाही एक न्यायच.

येथे सावित्री ओलांडून चिपळूणकडे वळले पाहिजे. चिपळूणजवळच्या मिरजोळी गावचे हमीद दलवाई अंतुले यांच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. 'लाट'मधील कथांचे आणि 'इंधन' कादंबरीचे हे लेखक समाजसुधारणेच्या कामात उतरले. १८ एप्रिल १९६६ रोजी तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधिमंडळावर नेला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. ३ मे १९७७ रोजी, अवघ्या पंचेचाळिशीच्या आत, ते गेले. एकाच कोकणी मातीतून, जवळजवळ एकाच वयाची ही दोन माणसे निघाली. दलवाईंनी आपल्या समाजाला आरसा दाखवला आणि त्याची किंमत एकाकीपणात मोजली. अंतुले यांनी तो आरसा हाती घेतला नाही. त्यांनी समाजाचा प्रश्न बाजूला ठेवून राज्याचा प्रश्न हाती घेतला. दलवाईंच्या मार्गात नैतिक धार अधिक आहे, हे मान्य करावेच लागेल. सात स्त्रियांनी विचारलेला प्रश्न सत्तेवर आलेल्या बॅरिस्टराने आपला मानला असता तर, असे मनात आल्यावाचून राहत नाही. पण मुसलमान म्हणजे केवळ मुसलमानांच्या प्रश्नावर बोलणारा माणूस, ही अपेक्षा अंतुले यांनी मोडली, आणि तेही एक प्रकारचे बंडच होते. दोघांचेही म्हणणे अखेर एकच : आम्ही प्रथम नागरिक आहोत.

अंतुले संपले असे अनेकांनी अनेकदा म्हटले. १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ साली कुलाबा मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवले. नरसिंह राव यांच्या मंत्रिमंडळात १९९५-९६ मध्ये ते आरोग्यमंत्री होते. २९ जानेवारी २००६ रोजी केंद्रात अल्पसंख्याक कार्य मंत्रालय नव्याने स्थापन झाले आणि त्याचे पहिले मंत्री झाले अंतुले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सच्चर समितीचा अहवाल आला. शालेय आणि उच्च शिक्षणासाठी अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या, अल्पसंख्याकबहुल ९० जिल्ह्यांसाठी विकास कार्यक्रम ही कामे त्यांच्या काळात मार्गी लागली. कामे मोलाचीच. पण सीमाप्रश्नावर पुस्तक लिहिणारा, जिल्ह्यांची रचना बदलणारा प्रशासक आता जमातीच्या खात्यावर नेमला गेला होता. नेमणूक सन्मानाची होती. वर्तुळ मात्र लहान झाले होते.

मग डिसेंबर २००८. मुंबईवरील हल्ल्यात हेमंत करकरे शहीद झाले. त्यांच्या मृत्यूच्या परिस्थितीविषयी अंतुले यांनी संसदेच्या आवारात संशय व्यक्त केला आणि देशभर वादळ उठले. शोकाच्या त्या दिवसांत, हाती पुरावा नसताना, केंद्रीय मंत्र्याने तसे बोलणे गैरच होते. संशयात तथ्य नाही असे गृहमंत्र्यांनी लोकसभेत स्पष्ट केले. पण टीकेचा सूर ऐकण्यासारखा होता. १९८२ साली विचारले गेले होते की मुख्यमंत्र्याने अधिकार कसा वापरला. २००८ साली अनेकांनी विचारले की हा माणूस कोणाच्या बाजूचा. पहिला प्रश्न कृत्याविषयी होता, दुसरा निष्ठेविषयी. रायगड आणि सिंधुदुर्ग ही नावे, बेळगावची कैफियत, यांतले काहीही त्या दिवशी साक्षीला आले नाही. सव्वीस वर्षांत अंतुले जेवढे बदलले, त्याहून अधिक आपले कान बदलले होते.

२००९ साली मतदारसंघांची फेररचना झाली. कुलाबा हे नाव लोकसभेच्या यादीतून गेले, रायगड आले, आणि त्यात रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली व गुहागर हे विधानसभा मतदारसंघ जोडले गेले. म्हणजे ज्या रत्नागिरीचे अंतुले यांनी विभाजन केले, तिचा उत्तरेकडचा तुकडा त्यांच्याच मतदारसंघात आला. त्या निवडणुकीत शिवसेनेचे अनंत गीते यांनी त्यांचा पराभव केला. २ डिसेंबर २०१४ रोजी मुंबईत अंतुले यांचे निधन झाले.

अशा आयुष्याचा ताळेबंद मांडताना एका रकान्यातली रक्कम दुसऱ्या रकान्यात वळती करण्याचा मोह होतो. निराधार योजनेने सिमेंट पुसले जात नाही, आणि सिमेंटने निराधार योजना खोटी ठरत नाही. अंतुले यांना निर्दोष ठरवणे हा अभ्यास नव्हे. त्यांना एका शेऱ्यात निकालात काढणे हाही नव्हे. मराठीत नेत्यांची चरित्रे मुबलक लिहिली जातात. यशवंतराव, वसंतदादा यांच्यावर कपाटे भरतील इतके लेखन आहे. त्यांच्या चुका आणि कर्तृत्व एकाच बैठकीत तोलण्याची सवय आपल्याला आहे, कारण ती माणसे आपली आहेत हे गृहीत असते. तेवढेच गृहीत धरून आंबेतच्या बॅरिस्टराकडे पाहावे, एवढीच आमची मागणी आहे. ओरोसला जिल्हा कचेरीत दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील कागदावर वर 'जिल्हा सिंधुदुर्ग' असे लिहिलेले असते. ते नाव कोणाच्या कारकिर्दीत आले, हे त्याला ठाऊक असेलच असे नाही. इतिहास शिकवणाऱ्यांना आणि मराठी शिकवणाऱ्यांना ते ठाऊक असायला हवे.